उल्काची उंची

“टाच टेक, बाय. डावी. पुरती टेक.”

उल्कानं टाच टेकली. हरिश्चंद्रनं खांबावरची आडवी पट्टी हळूच खाली आणली, तिच्या केसांना लागली तशी थांबवली आणि चष्मा नाकावर चढवून आकडा वाचला. मग पट्टी वर सरकवली, तिला खांबापासून बाजूला केलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला तरी तोच. एकशे तेवीस पूर्णांक तीन.

त्यानं हातातलं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. जुलैतली उंची त्याच्याच अक्षरात लिहिलेली होती. एकशे चोवीस पूर्णांक सहा.

“काय झालं, काका?” उल्कानं विचारलं. दहा वर्षांची पोर. दोन घट्ट वेण्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेला फ्रॉक, डोळ्यांत नेहमीची ती फिकट पिवळी झाक.

“काय नाय. काट्यावर उभी ऱ्हा बघू.”

हरिश्चंद्र शिवलकर यमुनाबाई बालरुग्णालयात सत्तावीस वर्षं मुलांची वजनं आणि उंच्या घेत होता. रुग्णालय धर्मादाय, त्याचा हुद्दा मदतनिसाचा. मधे दोनदा त्याला औषधांच्या भांडारात बदली देऊ केली होती. तिथं पंखा होता, खुर्ची होती, कोणी रडत नव्हतं. दोन्ही वेळा तो नको म्हणाला. त्याला पोरं आवडायची. कोणतं पोर पट्टी डोक्याला लागताच मान आत ओढून घेतं, कोणतं उंच दिसायला चवड्यांवर चढतं, कुठली आई काट्यावर बाळाचं दुपटं तसंच ठेवते, सगळं त्याला न बघता कळायचं. दर सोमवारी सकाळी तो एक मीटरची लोखंडी सळई खांबाला लावून पट्टी बरोबर दाखवते की नाही ते तपासायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. मेट्रन म्हणायच्या, याचं नावच हरिश्चंद्र, हा आकडा खोटा लिहील कसा. त्यावर तो नुसता हसायचा. घरी दमयंती मात्र म्हणायची, “तुमचा सगळा जन्म सेंटिमीटरात गेला.” त्यावरही तो हसायचा, कारण त्यात त्याला खोटं काही दिसत नव्हतं.

महिन्यातला पहिला गुरुवार सिकलसेलच्या मुलांचा. कोकणात हा आजार मूळचा फारसा नाही. पण नोकरीधंद्यापायी लांबून आलेली माणसं तो रक्तातून घेऊन आली होती. चिरेखाणीवर काम करणारी कुटुंबं होती, गडचिरोलीचा एक पोलीस होता, नंदुरबारकडचे शिक्षक होते. सगळी मिळून अकरा मुलं. आईबाप दोघांकडून थोडा थोडा आलेला दोष मुलात पुरा उतरतो. मग रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं कळा येतात. कधी हातात, कधी पाठीत, कधी पोटात.

या मुलांसाठी वेगळा दिवस ठरवला तो डॉ. झोया होडेकरांनी. त्या रत्नागिरीतल्याच, राजिवड्याच्या. वडील जहाजावर होते. मुंबईला शिकून परत इथंच आल्या होत्या. पहिल्याच गुरुवारी त्यांनी हरिश्चंद्रला समजावून सांगितलं होतं, “हरिकाका, आजार एकच असला तरी दोन मुलं सारखी नसतात. एक वर्षभर हुंदडतं, दुसरं दर महिन्याला खाटेवर असतं. कुणाला किती त्रास आहे ते मोजल्याशिवाय कुणाकडे किती लक्ष द्यायचं ते कळणार कसं?” म्हणून त्यांनी तीन पानांचा तक्ता केला होता. वर्षभरात कळा किती वेळा आल्या, किती वेळा दाखल व्हावं लागलं, रक्त चढवलं का, शाळा किती बुडली, प्लीहा हाताला केवढी लागते, हिमोग्लोबिन किती, वाढ कशी आहे. प्रत्येकाला गुण. तीनपर्यंत आले तर सौम्य, सहा महिन्यांनी यायचं. त्याच्या वर मध्यम, तीन महिन्यांनी. सातच्या पुढे तीव्र, मग दर महिन्याला यायचं, गोळ्यांचा डोस बदलायचा, हाडांच्या आणि मेंदूच्या वेगळ्या तपासण्या करायच्या.

त्या दिवशी, जानेवारीतल्या गुरुवारी, डॉक्टर झोया सकाळपासून वरच्या मजल्यावर एका नुकत्याच जन्मलेल्या बाळापाशी अडकल्या होत्या. खाली तक्ते भरायला नवे डॉक्टर यज्ञेश होते. मुलगा हुशार, बोलायला गोड, पण हात भराभर चालायचा.

उल्काचे वडील वसावे गुरुजी टेबलासमोर बसले. अक्कलकुव्याकडचे, पण राजापूर तालुक्यात नऊ वर्षं काढलेली. एका वाडीवरच्या शाळेत ते एकटेच शिक्षक. मुलं नऊ, त्यातली एक उल्का. खिशाला पेन, मांडीवर कागदांची पिशवी. ते उत्तरं द्यायचे तीही कार्यालयात माहिती सादर केल्यासारखी.

“वर्षभरात कळा किती वेळा?”

“एकदा. ऑगस्टमध्ये. दोन दिवसांत बरी झाली.”

“दाखल?”

“नाही.”

“रक्त?”

“नाही.”

“शाळा किती बुडली?”

“चार दिवस.” गुरुजींनी पिशवीतून हजेरीचा कागद काढून पुढे केला.

“तुला कुठं दुखतं का गं?” यज्ञेशनं उल्काकडे बघत विचारलं.

“नाही,” उल्का म्हणाली. पाढा म्हटल्यासारखं, लगेच.

शेजारीच खांबापाशी उभा असलेला हरिश्चंद्र पुढं झाला. “डॉक्टर, उंची बघा हां. कमी झाली.”

“कमी कशी होईल, काका? मागच्या वेळी जास्त लिहिली गेली असेल.”

“मागच्या टायमाला पण मीच घेतलेली. मी तीनदा घेतो.”

“मग केस उभे बांधले असतील.” यज्ञेश हसला. त्यात हेटाळणी नव्हती. बाहेर आठ मुलं थांबली होती, एवढंच. त्यानं तक्त्यात जुलैचाच आकडा लिहिला, पुढे ‘वाढ नाही’ असं लिहून एक गुण दिला. कळांचा एक, हिमोग्लोबिनचा एक. “तीन. सौम्य. छान आहे. सहा महिन्यांनी या.”

उल्काचा चेहरा फुलला. हरिश्चंद्रनं मुलांना इंजेक्शन चुकल्यावर हसताना पाहिलं होतं, पेढा मिळाल्यावर हसताना पाहिलं होतं. हे हसू निकालाच्या दिवसाचं होतं. बापलेक नमस्कार करून निघून गेले आणि त्यानं पुढच्या पोराला चपला काढायला सांगितल्या.

बारा वाजता मुलं संपली. हरिश्चंद्रनं डबा उघडला. दमयंतीनं भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. सळई आणली, खांबाला लावली. शंभरला शंभर. खांब भिंतीला घट्ट होता, खालची फळी हलत नव्हती. स्वतः उभा राहून हातानं पट्टी डोक्यावर ओढली. एकशे त्रेसष्ट, गेली सत्तावीस वर्षं होती तेवढीच. म्हणजे खांब खोटं बोलत नव्हता. जुलैत आपण चुकलो असू? त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. एखाद्या रडक्या, वळवळ्या पोराच्या बाबतीत तो म्हणाला असता, असेल. पण उल्का खांबाला चिकटून पुतळ्यासारखी उभी राहणारी. दहा वर्षांच्या पोराला एक सेंटिमीटर वाढायला दोन महिने लागतात. ते गेलं कुठं?

मग त्याला स्वतःचेच शब्द ऐकू आले. टाच टेक, बाय. डावी.

जुलैत त्याला तसं म्हणावं लागलं नव्हतं. त्याच्या आधीही कधी नाही.

तो वर गेला. डॉक्टर झोया काचेच्या पेटीपाशी होत्या, तिथं जाऊन बोलण्यासारखं नव्हतं. त्यानं सिस्टरला सांगितलं, मी अर्ध्या तासात येतो, आणि स्कूटर काढली. राजापूरची गाडी दीडला होती.

स्टँडावर गाडी लागलेली नव्हती. वसावे गुरुजी चौकशीच्या खिडकीपाशी रांगेत उभे होते. उल्का लांब एका खांबाला धरून उभी होती. आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीत माणूस जसं उभं राहतं, तशी. डावा गुडघा किंचित वाकलेला, टाच जमिनीपासून बोटभर वर, कंबर उजवीकडे कललेली. हरिश्चंद्र काही पावलांवर थांबला. तिनं त्याला पाहिलं आणि झटक्यात टाच खाली गेली.

“ऱ्हाव दे गो,” तो म्हणाला. “आता इथं कोण मोजत नाय.”

तो शेजारच्या बाकावर बसला. तिला बस म्हणाला. ती बसली, पण बाकाच्या कडेवर.

“कुठं दुखता?”

“नाही दुखत.”

“बरा.” तो गाड्यांकडे बघत बसला. एक गाडी लागली, माणसं धावली, चढली. गाडी गेली. सत्तावीस वर्षांत त्याला एवढं कळलं होतं, की पोराला दुसऱ्यांदा विचारलं तर ते खोटं पक्कं करतं. त्यापेक्षा नुसतं बसावं.

“काका,” थोड्या वेळानं उल्काच म्हणाली, “तीन म्हणजे पास ना?”

“कसला पास?”

“तीनपर्यंत गुण आले की सहा महिने यायचं नाही. बाबांनी सांगितलंय, या परीक्षेत कमी गुण चांगले.”

“असा सांगितला त्यांनी?”

“हो. मी गेल्या वेळी विचारून घेतलं होतं, कशाला किती गुण ते.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “त्याच्या आधीच्या वर्षी मी नऊ दिवस दाखल होते. बाबा इथंच होते. शाळा नऊ दिवस बंद. वाडीतली माणसं घरी आली होती. ओरडली नाहीत. चहा प्यायली. पण म्हणाली, गुरुजी, पोरं नुसती उंडारतात, शिकवणार कोण. तेव्हापासून बाबा रजाच घेत नाहीत. आजीला बरं नव्हतं तेव्हा गावालाही गेले नाहीत.”

तक्ता फक्त बारा महिन्यांचं विचारत होता. ते नऊ दिवस त्याच्या आधीचे.

“आणि दुखता कधीपासून?”

“दिवाळीपासून.” तिनं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. “इथं. जिना चढताना. आणि उकिडवं बसलं की. रात्री उशी घेते पायाखाली. आईला वाटतं सवय आहे.”

गुरुजी तिकिटं घेऊन आले. हरिश्चंद्रला बघून थबकले. “शिवलकर, तुम्ही? काही कागद राहिला का?”

“गुरुजी, परत चला. डॉक्टरबाईंनी बघितल्याशिवाय जाव नका.”

“पण डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सांगितलंय. उद्या केंद्रप्रमुख यायचेत शाळेवर. ही गाडी गेली तर पुढची साडेतीनला.”

“मी डॉक्टर नाय. मला आजारातला काय कळत नाय. पण पोराची उंची कमी होत नाय, गुरुजी. अडीच हजारांवर पोरं मोजतो वर्षाला. वाढत नाय असा होता. कमी होत नाय.”

“मोजण्यात चूक…”

“चूक नाय.”

त्यानं एवढ्या ठामपणे आयुष्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं. स्वतःलाच थोडं अवघडल्यासारखं झालं. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती खाली बघत होती. तिचा हात अजून गुडघ्यावर होता, काढायला विसरली होती.

“उल्का,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. “दुखतं का तिथं?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

गुरुजींनी हातातली तिकिटं खिशात घातली आणि तिच्यासमोर पाठ करून खाली बसले. “ये,” म्हणाले. दहा वर्षांची मुलगी भर स्टँडावर बापाच्या पाठुंगळी बसायला लाजली, पण बसली.

डॉक्टर झोया दोन वाजता खाली आल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, ओढणीला औषधाचे डाग पडले होते. हरिश्चंद्रनं उभ्याउभ्या सांगितलं. त्यांनी ऐकलं, कार्ड मागितलं, दोन्ही आकडे पाहिले आणि उल्काला टेबलावर झोपवलं. गुडघ्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. पाय उचलून, वाकवून, मांडी आतल्या बाजूला फिरवली. थोडीशीच फिरली. उल्कानं खालचा ओठ दातांखाली घेतला. ओरडली नाही.

“दुखलं की आवाज करायचा असतो, बेटा,” डॉक्टर म्हणाल्या. “नाहीतर मला कसं कळणार?”

कमरेचा एक्स-रे काढला. दुसऱ्या दिवशी मोठ्या मशीनवर तपासणी झाली. त्यासाठी गुरुजी राहिले. केंद्रप्रमुखांना त्यांनी फोनवर काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. दुपारी डॉक्टर झोयांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीचं हाड कमरेला जिथं जोडतं तिथं वरती एक गोळा असतो. त्या गोळ्याला रक्त कमी पडत होतं. खुब्याचं दुखणं मुलांना गुडघ्यात जाणवतं. दुखू नये म्हणून ती नकळत पाय वाकवून, कंबर झुकवून उभी राहत होती. खांबाला टेकून सरळ व्हायला गेली तरी पुरती सरळ होत नव्हती. तेवढी उंची कमी भरली.

“गोळा अजून खचलेला नाही,” त्या म्हणाल्या. “पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या. वर्ष लागेल, कदाचित जास्त. औषधाचा डोस वाढवू. अशीच सहा महिने चालली असती तर मात्र गोळा खचला असता.”

“खो-खो?” उल्कानं विचारलं.

“नाही, बेटा. खो-खो आता नाही.”

“नंतर?”

डॉक्टर झोयांनी खोटं सांगितलं नाही. “बहुतेक नंतरही नाही.”

उल्कानं ते ऐकून घेतलं. पण नवा तक्ता भरला, एकेक गुण मिळवत बेरीज नऊवर गेली आणि वर ‘तीव्र’ असं लिहिलं गेलं, तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. दर महिन्याला एक गुरुवार. म्हणजे दर महिन्याला शाळा बंद. तिनं वडिलांकडे बघायचं टाळलं.

गुरुजी तिच्याजवळ आले. खुर्ची ओढून समोर बसले, जसे ते वर्गात अडलेल्या पोरासमोर बसत असावेत.

“चूक माझी झाली,” ते म्हणाले. “मी तुला परीक्षा म्हणून सांगितलं. ही परीक्षा नाही. हे नुसतं मोजणं आहे. शाळेचं मी बघीन. तू फक्त असेल ते सांगायचं.”

“आणि वाडीतली माणसं?”

“त्यांनाही असेल ते सांगू.”

शुक्रवारी संध्याकाळी हरिश्चंद्र मांडवीला घरी आला तेव्हा दमयंती पडवीत बांगडे साफ करत होती. तो पायरीवर बसला. खाडीकडून वारा येत होता. त्यानं तिला दोन दिवसांचं सगळं सांगितलं, स्टँडापासून तक्त्यापर्यंत. तिनं सुरी थांबवली नाही, पण ऐकत होती.

“आणि तो नवा डॉक्टर? काय बोलला?”

“काय बोलायचा? जुना तक्ता मागून घेतलान. कालचा आकडा खोडलान. वर एकशे तेवीस पूर्णांक तीन लिहिलान नि बाजूला सही केलान.”

“एवढाच?”

“मग अजून काय पायजे?”

दमयंतीनं बांगडे धुतले, हळद-मीठ लावलं. “तुम्ही आजपण जेवला नाय काय दुपारी? डबा तसाच आणलाव.”

“राहिला.”

“बसा. भात टाकतंय.” आत जाता जाता ती थांबली. “पोर बरी होईल काय?”

“पुरती नाय. पण चालेल.”

फेब्रुवारीत वसावे बापलेक आले ते टेम्पोतून. वाडीतला रघू टेम्पो घेऊन रत्नागिरीला काजूची पोती पोचवायला यायचा. त्यानं ठरवून टाकलं होतं की महिन्याचा पहिला गुरुवार पोत्यांचा. त्याच्या सुनेनं डी.एड. करून ठेवलेलं होतं, नोकरी लागलेली नव्हती. त्या दिवशी शाळा तिनं उघडली. रघू हे हरिश्चंद्रला रुग्णालयाच्या ओसरीत उभा राहून सांगत होता, “आमाला आदी म्हायतीच नव्हता वो पोरीला एवढा काय हाय ता. गुरुजी कधी बोलले नाय. पाठच्या टायमाला आमी घरी गेलाव, तेवा बोलले असते तर आमी तसा बोललो असताव काय?” हे गुरुजींनी ऐकलं आणि ऐकलं नसल्यासारखं दाखवलं.

त्या दिवशी यज्ञेश खांबापाशी येऊन उभा राहिला. “काका, कुबड्यांवरच्या मुलाची उंची कशी घ्यायची?”

“झोपवून,” हरिश्चंद्र म्हणाला. “डोकं भिंतीला. मी डोकं धरतो, तुम्ही टाच धरा. ओढायची नाय. पाय सैल सोडलान की मग वाचायचा.”

दोघांनी मिळून घेतली. यज्ञेशनं आकडा वाचला. मग स्वतःहून म्हणाला, “अजून दोनदा घेऊ.”

मार्चच्या गुरुवारी ओसरी भरलेली होती. सिकलसेलची मुलं होतीच, शिवाय डोस द्यायला आणलेली तान्ही, तापानं फणफणलेली, खरूज झालेली. उल्का भिंतीकडेला बसली होती, कुबड्या शेजारी टेकवलेल्या. डॉक्टर झोयांनी तक्ता सुरू केला. पहिलाच प्रश्न कळांचा.

“गेल्या महिन्यात किती दिवस दुखलं?”

गुरुजींनी पिशवीत हात घातला, बहुधा सवयीनं. मग काढून घेतला आणि मुलीकडे पाहिलं.

“अकरा,” उल्का म्हणाली. “त्यातले तीन जास्त. एकदा रडले.”

“मला हे माहीत नव्हतं,” गुरुजी हळूच म्हणाले.

“तुम्ही शाळेत होतात. आईला माहीत आहे.” ते तिनं समजूत घातल्यासारखं सांगितलं.

डॉक्टर झोयांनी अकरा लिहिलं. गुण वाढले.

मग उंचीची पाळी. हरिश्चंद्रनं भिंतीकडेच्या बाकावर स्वच्छ चादर अंथरली आणि नाव पुकारलं. मागं चौदा पोरं रांगेत होती. एका बाईचं बाळ किंचाळत होतं. कुणीतरी पुढं घुसत होतं, कुणाला परतीची गाडी गाठायची होती.

उल्का कुबड्या घेऊन दोन पावलं आली आणि थांबली. तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला. तिनं इकडं तिकडं पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं. पूर्वीची असती तर चालत आली असती.

“काका,” ती म्हणाली, “आत्ता दुखतंय. मी थोडी बसते.”

एखादं पोर पाणी मागेल तशा आवाजात म्हणाली. हरिश्चंद्रनं जवळची खुर्ची ओढून दिली. ती बसली, पाय लांब केला, डोळे मिटले. मागून एक बाई म्हणाली, “मग आमचा घ्या ना आधी.” रांगेत थोडी चुळबुळ झाली.

“जरा थांबा,” हरिश्चंद्र म्हणाला. “तिची पाळी हाय.”

आणि हातातला टेप गुंडाळून तो तिच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. चौदा पोरं, त्यांच्या आया, सगळी थांबली. त्याला घाई नव्हती. गुरुजी भिंतीपाशी उभे होते. काही वेळानं उल्कानं डोळे उघडले, दोन्ही हात कुबड्यांवर ठेवले आणि आपली आपण उठली.